सोनं शोधायचं मशीन: डबा जुना चालतो, कॉइल जुनी घेऊ नका

आधीच सांगतो, सोलापुरात जमिनीत सोनं नाही. सराफ बाजारात आहे, मधल्या मारुतीजवळ जावा, पैसे मोजा आणि घ्या. पण खाली आपल्याकडं नुसता काळा दगड आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात सोन्याची शीर नसते. जवळात जवळची चालू खाण म्हणजे कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातली हट्टी, आणि तिथलं सोनं पण शेकडो मीटर खाली दगडात बारीक विखुरलेलं असतं, मशीन (मेटल डिटेक्टर) फिरवून हाताला लागत नाही. हे पहिल्यांदाच लिहायचं कारण असं की मी ऑस्ट्रेलियातनं आल्यापासून आठवड्याला एक तरी गडी दुकानात येतो, इकडं तिकडं बघतो, आवाज बारीक करतो आणि म्हणतो, काका ते मशीन कुठलं चांगलं, नवीन घेऊ का सेकंडहँड, आमच्या वाड्याच्या मागं जरा बघायचं होतं.

वाड्याचं नंतर बघू. मशीनचं सांगतो, कारण त्यातलं मला कळतं. ३४ वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलंय नवी पेठेत, जुनं इलेक्ट्रॉनिक सामान बघून त्यात किती जीव उरलाय हे सांगणं हाच धंदा होता.

पोरगी आणि जावई बेंडिगोला असतात, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात. ते गावच सोन्यावर उभं राहिलंय, १८५१ ला तिथं सोनं सापडलं आणि जगभरातनं माणसं धावली. आजही सुट्टीच्या दिवशी तिथं लोक झाडीत मशीन घेऊन फिरतात, आपल्याकडं रविवारी सिद्धेश्वर तलावावर गळ टाकून बसावं तसं. त्याला मायनर्स राईट नावाचा कागद लागतो, थोडे डॉलर भरले की दहा वर्षांसाठी मिळतो, ही पद्धत १८५५ पासूनची आहे. नॅशनल पार्कात वगैरे बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि खड्डा केला की बुजवायचा, हे सगळे पाळतात. आमच्या जावईबापूंना ह्याचा नाद लागला. आम्ही दोघं चार महिने राहायला गेलो तेव्हा विमानतळावरनं घरी जाताना गाडीतच मला म्हणाले, "बाबा, एक मशीन बघून द्या ना तुम्ही, माझी फसगत झालीय."

फसगत अशी होती. त्यांनी ऑनलाइन एक मशीन मागवलं होतं, एकदम नामांकित कंपनीचं, मोठं, आणि नवीन कोरं, सीलबंद खोक्यात, दुकानात जी किंमत होती त्याच्या निम्म्यात. मी रात्री जेवण झाल्यावर स्क्रू काढले. चारातला एक स्क्रू वेगळ्या जातीचा. आत बोर्डावर फ्लक्सचे (डाख देताना लावतात त्या रसायनाचे) पिवळट डाग तसेच, कुणी पुसायची तसदी घेतली नव्हती, आणि दोन आयसींच्या, म्हणजे चिपांच्या, पाठीवरचे नंबर घासून काढलेले. मला आपल्या दिल्लीच्या नकली स्टॅबिलायझरची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी अधिकृत डीलरकडं सिरीयल नंबर विचारला तर तो म्हणाला हा नंबर आधीच दुसऱ्याच्या नावावर रजिस्टर झालाय. चालत होतं बरं का ते, आवाज पण करत होतं, पण शर्टाचं धातूचं बटण हवेत वीतभर अंतरावरनं धरलं तर गप्प. ह्या धंद्यात नकली मशीन फार फिरतात, जेवढं महाग मॉडेल तेवढ्या त्याच्या नकला. मला तर तो खोका बघून वाटलं, ह्याच्यापेक्षा कुणा म्हाताऱ्यानं दहा वर्षं वापरलेलं अस्सल बरं.

आता थोडं मशीनबद्दल, कारण हे कळल्याशिवाय नवं-जुनं ठरत नाही. दांड्याला वर डबा असतो, त्यात सगळं इलेक्ट्रॉनिक सामान, आणि खाली कॉइल, म्हणजे जमिनीवरनं फिरवायची तारेच्या वेटोळ्याची चकती. दोन जाती असतात. एक व्हीएलएफ, ती सारखी एक बारीक लहर जमिनीत सोडते आणि त्याच वेळी परत येणारी ऐकते. दुसरी पल्स इंडक्शन, लोक पीआय म्हणतात, ती जोरात एक ठोका मारते, थांबते, आणि त्या शांततेत जमिनीतला धातू काय कुरकुरतो ते ऐकते. व्हीएलएफ हलकी, स्वस्त, आणि लोखंड कुठलं ते थोडंफार ओळखते. पण जमिनीत लोहाचं प्रमाण जास्त असलं की ती बिचारी भांबावते. सोनं जिथं सापडतं तिथली लाल माती नेमकी तशीच असते. पीआय असल्या मातीत शांत राहते आणि खोल जाते, पण ती प्रत्येक खिळ्यावर ओरडते, म्हणजे तुम्ही दिवसभर खिळेच काढता.

फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा हलते त्याचं, पण आहे. बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी लागते. फिशर कंपनीचं गोल्ड बग टू ७१ किलोहर्ट्झवर चालतं, मायनलॅब कंपनीचं गोल्ड मॉन्स्टर ४५ वर, गॅरेटचं एटी गोल्ड १८ वर. म्हणून नाणी शोधायचं साधं मशीन "सोन्याला पण चालतं" असं कुणी सांगितलं तर किलोहर्ट्झ किती ते विचारा. विकणारा गप्प झाला की उठून या.

तर नवीन म्हणून आम्ही गोल्ड मॉन्स्टर १००० घेतलं, डीलरकडनं, पावतीसकट, हजार-दीड हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. ह्याचा रिव्ह्यू थोडक्यात: नवशिक्याला ह्याच्यापेक्षा सोपं काही नाही. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या लोहाशी जुळवून घेणं, आपोआप होतो, बटणं मोजकीच, दोन कॉइल मिळतात, एक दहा इंची आणि एक पाच इंची. आमच्या हिनं पण चालवलं, ती जी टीव्हीच्या रिमोटला हात लावत नाही. वरवरच्या बारीक सोन्याला हे मशीन तिखट आहे. पण डबा पाण्यात टाकायचा नाही, फक्त कॉइलच पाण्यात चालते, आणि लोह भरलेल्या लाल मातीत खोलवरचं काही विचारू नका.

पहिला दाणा त्याच्यावरच मिळाला. ते जवळनं सांगतो. एका आयर्नबार्क झाडाच्या खाली, जिथं दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी खणून टाकलेले मातीचे ढीग आहेत, तिथं बारीक "टिक" आलं. मी बुटानं वरची दोन बोटं माती सरकवली, आवाज अजून तिथंच. म्हणजे पानावरचं काही नाही. मग कुदळीनं खरवडलं, कुदळीच्या पाठीवर लोहचुंबक बसवलेला असतो, त्याला काही चिकटलं नाही, तेव्हाच जावईबापू वाकून बघायला लागले. माती प्लॅस्टिकच्या डावात घेतली (लोखंडी डाव चालत नाही, मशीन त्याच्यावरच ओरडतं), अर्धी हातावर ओतली, डाव कॉइलवरनं फिरवला, गप्प. म्हणजे हातातल्या मातीत. तिच्यातली परत अर्धी, परत फिरवली. असं करत करत शेवटी चिमूटभर माती राहिली आणि तिच्यात साबुदाण्याच्या दाण्याएवढं पिवळं. वजन पाव ग्रॅमच्या वर थोडं. सावलीत पण ते पिवळंच दिसतं, अभ्रक सावलीत विझतं, हे मला तिथल्या एका आजोबांनी शिकवलं.

आता सेकंडहँडकडं येतो, खरा विषय तो आहे.

नवीन मोठी पीआय घ्यायची म्हणजे मायनलॅबची जीपीएक्स ६००० बाजारात आली तेव्हाच आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास होती, रुपयात चार लाखाच्या वर. जावईबापूंचं घराचं कर्ज चालू. म्हणून जुनी जीपीएक्स ४५०० बघायची ठरलं. ती मजबूत पीआय आहे, सोन्याच्या माणसांत तिला मान आहे. तीन ठिकाणी गेलो. पहिल्याच्या घरी मशीन चकाचक पुसून टेबलावर ठेवलेलं, पण बाहेर गवतात चालवून बघू म्हणलं की त्याला फोन यायला लागले. दुसऱ्याकडं कॉइलच्या वायरीला कनेक्टरजवळ काळी इन्सुलेशन टेप. इन्सुलेशन टेप दिसली की माझा हात आपोआप तिथंच जातो, ३४ वर्षांची खोड आहे. वायर बोटानं नुसती हलवली आणि हेडफोनमध्ये फटाके.

तिसरा एक निवृत्त शेतकरी, मेरीबरो गावाच्या बाजूला. त्यानं मशीन मातीसकट समोर ठेवलं, पुसलं पण नव्हतं. म्हणाला, घेऊन जा मागच्या रानात, तासभर फिरवा, मी चहा ठेवतो. मला तिथंच निम्मा सौदा झाल्यासारखा वाटला.

आता मी काय काय बघितलं ते सांगतो, क्रम लागणार नाही, जसं आठवतंय तसं. पहिल्यांदा कॉइलच्या खालची प्लॅस्टिकची झाकणी, मी तिला चप्पल म्हणतो, ती काढली. विकणारे ही कधी काढत नाहीत. हिच्या आत बारीक काळी माती साठते, तिच्यात लोहाचे कण असतात, आणि मशीन उगाचच बडबडतं, लोक म्हणतात मशीन बिघडलं. आणि हिच्याखालीच कॉइलची चीर लपते. झालं पण तसंच, त्याच्या दोन कॉइलींपैकी मोठीला, जी मूळ कंपनीची नव्हती, काठाला केसाएवढी चीर होती. गवतावर हलकं आपटलं की "टुक". चिरीतनं ओल जाते, आतलं वेटोळं केसभर सैल होतं आणि प्रत्येक दगडाला सोनं म्हणायला लागतं. शेतकऱ्यानं स्वतः मान हलवली, म्हणाला ही धरू नका हिशोबात.

मग डबा. डब्याला मी काय बघणार, आतले भाग फारसे गरम होत नाहीत, हलत नाहीत, टीव्हीसारखा हाय व्होल्टेजचा जाच नाही. फार तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात, ते बदलायला किती लागतं? नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. म्हणून माझं ठाम मत झालं, डबा दहा वर्षं जुना असला तरी घ्या, कॉइल मात्र नवीन, आणि बॅटरी शक्यतो नवीन. कॉइल म्हणजे ह्या मशीनचे पाय आहेत, हजारो वेळा दगडाला, मुळाला ठोकर खातात. आपण सेकंडहँड गाडी घेताना टायर बदलूनच घेतो ना.

बॅटरी लिथियमची असते, पाठीवरच्या पिशवीत, गुंडाळीच्या वायरीनं डब्याला जोडलेली. तिला नुसतं चार्ज आहे का बघून चालत नाही. मशीन चालू ठेवून चहा प्यायचा, शेंगा खायच्या, गप्पा मारायच्या, आणि मग बघायचं. आम्ही सोलापूरची शेंगा चटणी नेली होती डब्यात भाकरीबरोबर, शेतकऱ्याला दिली, तो बिचारा पाणी पीत बसला, त्यामुळे दीड तास आरामात निघाला आणि बॅटरी टिकली.

मातीची परीक्षा अशी घेतली. बरोबर एअरगनचे छर्रे नेले होते, शिशाचे. बारीक शिसं आणि बारीक सोनं मशीनला जवळपास सारखंच वाटतं, म्हणून तिथले जुने लोक सरावाला छर्रेच पुरतात. वीतभर खाली एक पुरला, जमिनीत खुंटी मारली, आणि मग नुसता हवेतला नाही तर मातीतला आवाज ऐकला. हवेत सगळीच मशीनं शेर असतात. आणि पीआयमध्ये आवाज म्हणजे "बीप" नसतो, एक बारीक गुणगुण सारखी चालू ठेवायची, थ्रेशोल्ड म्हणतात तिला, आणि खोलवरच्या सोन्यावर ती गुणगुण नुसती जराशी वाकते. खरं सांगू, माझ्या कानाला ती वाकलेली कळलीच नाही, साठीनंतर बारीक आवाज जातात. जावईबापू म्हणाले "आला बाबा आला", मी नुसती मान हलवली. तेव्हा घेणाऱ्याचं वय जास्त असेल तर हेडफोन चांगला घ्या, तिथं काटकसर नको.

अडीच हजार डॉलरला बसलं, चिरलेली कॉइल सोडून. वर नवीन कॉइलचे पाचशे. म्हणजे तीन हजार, रुपयात दीड-पावणेदोन लाख. सिरीयल नंबर डीलरकडं विचारून घेतला, मूळ पावती घेतली, विकणाऱ्याची सही घेतली, चोरीचं निघालं तर पुढं कटकट नको. वॉरंटी राहिली असेल तर ती दुसऱ्या मालकाला लागू होते का हे तोंडी नाही, कागदावर बघा.

मशीन वजनदार आहे हे लपवत नाही. पाठीवर बॅटरी, अंगात पट्टे, रबरी दोरीला लटकवलेला दांडा, अर्धा दिवस फिरलात की संध्याकाळी खांदा अमृतांजन मागतो. आणि खिळे! पहिल्या दिवशी आम्ही एकोणतीस वस्तू काढल्या, त्यात घोड्याच्या नालेचे खिळे, बंदुकीच्या गोळ्या, डब्याची झाकणं. सोनं शून्य. चौथ्या रविवारी फूटभर खालनं दीड ग्रॅमचा तुकडा निघाला, गोल्ड मॉन्स्टर त्याच जागेवरनं आदल्या दिवशी दोनदा फिरलं होतं आणि गप्प होतं. मला जुन्या मशीनची किंमत त्या एका खड्ड्यात कळली. त्याच पट्ट्यात किंगोवर गावाजवळ १९८० साली एकाला गॅरेटच्या मशीनवर २७ किलोचा सोन्याचा गोळा मिळाला होता, फूटभरच खाली. पुढं तो लास व्हेगासच्या एका कॅसिनोनं विकत घेतला. हे ऐकल्यापासून आमची ही प्रत्येक खड्ड्यात माझ्या आधी वाकायची.

पोरीनं विचारलं, दोन्हीतलं एकच घ्यायचं तर कुठलं? ज्याला अजून नाद लागलाय का नाही हेच माहीत नाही त्यानं नवीन छोटं घ्यावं, नाद सुटला तर विकता येतं. ज्याचे दोन हिवाळे झाले त्यानं जुनी पीआय, पण चालवून, मातीत, दुसऱ्याच्या अंगणात बसून.

आता वाड्याच्या मागं बघायचं म्हणणाऱ्यांसाठी. पुतण्यानं इथं साडेसहा हजाराचं एक साधं मशीन ऑनलाइन मागवलं होतं, होटगीकडच्या मित्राच्या रानात बायकोची चेन पडली म्हणून. मला घेऊन गेला. "काका, काय करलालंय बघा हे" म्हणत मशीन पुढं धरलं. आपल्या बेसाल्टच्या मुरमावर ते असं ओरडत होतं की बैल बिथरले. आपल्या दगडात मॅग्नेटाईट असतं, साध्या मशीनला सगळी जमीनच धातू वाटते. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली तेव्हा कुठं शांत झालं. निघालं काय, तर नांगराच्या फाळाचा तुकडा, गुटख्याच्या पुड्या सतरा-अठरा, आणि एक वीस पैशाचं जुनं नाणं. चेन नाही निघाली. बारीक चेन हा मशीनचा सगळ्यात वाईट गिऱ्हाईक आहे, कारण मशीनला अख्खी चेन दिसत नाही, एकेक कडी वेगळी दिसते, आणि एकेक कडी म्हणजे काहीच नाही. अंगठी पटकन सापडते, चेन नाही. शेवटी चेन वहिनींनीच झाडू मारताना कडब्याच्या गंजीखाली काढली.

आणि कायदा. आपल्याकडं परवान्याशिवाय खनिज शोधणं १९५७ च्या खाण कायद्यात बसत नाही. पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, हो, दहाच रुपये, तो कायदा अजून आहे. भुईकोट किल्ला तर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथं मशीन घेऊन जायचा विचार पण करू नका.

अजून एक. मागच्या महिन्यात एकजण दुकानात दोन पितळी ॲन्टेना लावलेली पिस्तुलासारखी मूठ घेऊन आला, म्हणाला हे दोन किलोमीटरवरनं गुप्तधन दाखवतं, साडेचार लाखाला मिळतंय, बघा जरा. मी उघडलं. आत बॅटरी, एक लाल दिवा आणि दिव्याला जाणारी वायर. ॲन्टेनाला काहीच जोडलेलं नाही, ती नुसती बिजागरीवर डुलते. असल्याच डुलत्या ॲन्टेना बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला विकल्या गेल्या होत्या, मूळची वस्तू गोल्फचे चेंडू शोधायचं गमतीचं खेळणं, आणि विकणाऱ्याला ब्रिटनच्या कोर्टानं २०१३ ला दहा वर्षं आत टाकलं. मी त्याला मल्टीमीटर लावून दाखवलं तरी तो म्हणाला, "काका, तुम्हाला ह्यातलं कळत नाही बे." बरं बाबा.

तो साबुदाणा मी कागदाच्या पुडीत बांधून आणला होता. परवा ओळखीच्या सराफाकडं नेला. त्यानं काट्यावर ठेवलं, २७० मिलिग्रॅम, कसोटीवर घासलं, ॲसिडचा थेंब टाकला, म्हणाला तेवीस कॅरेटच्या पुढं आहे, चांगलंय, कुठनं आणलं? सांगितलं. मग त्यानं विचारलं, आणि मशीनला किती गेले? मी आकडा सांगितला. त्यानं चष्मा काढला, पोराला चहा सांगितला, आणि पुडी परत नीट बांधून माझ्या हातात दिली.